त्र्यंबकरावांचा संकल्प आणि मावळ्यांची हार

अमेरिकेतल्या कॅरी गावात त्र्यंबकराव खानझोडे म्हणून एक गृहस्थ राहतात. मूळचे नागपूरचे. औषधाच्या कंपनीत चुका शोधायच्या कामावर सव्वीस वर्षं काढली आणि मागच्या दिवाळीत रिटायर झाले. गोळीचा रंग जरा फिका दिसला, बाटलीवरचं लेबल केसभर तिरकं बसलं, की कागद करायचा, सही ठोकायची, माल थांबवायचा. घरी कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजणार. "शोभना, दोनच झाल्या. तिसरी अर्धी होती." शोभनाताई म्हणणार, "वरण शिजलंय. त्याला तुमची सही नको."

अशा माणसाच्या कपाळी देवानं काय लिहावं? तर बेसबॉलची टीम. आणि टीम तरी कशी, चौदा वर्षं ओळीनं हरणारी.

ते झालं असं. पंधरा वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळातल्या पोरांना क्रिकेट खेळायचं होतं. पोरं म्हणजे तेव्हाची. आता त्यांची टक्कलं चमकतात. पुण्याची, मुंबईची, नागपूरची, सगळी कॉम्प्युटरवाली. त्र्यंबकराव गावाच्या पार्कच्या ऑफिसात मैदान मागायला गेले. तिथली बाई म्हणाली, क्रिकेटचं मैदान काही आमच्याकडे नाही, पण शनिवारच्या बेसबॉल लीगमध्ये एका टीमची जागा रिकामी आहे, हवी तर घ्या. आपली माणसं फुकट मिळालेलं कधी सोडतात का? चेंडू आहे, दांडकं आहे, मग झालं तर, म्हणून घेतलं. नाव ठेवलं 'मावळे'. समोरच्या टीमवाल्यांना ते वाचता येईना, ते म्हणायचे 'मवाली'. पहिल्या वर्षी तेरापैकी तेरा मॅच हरल्यावर तेही नाव कोणी मनावर घेईना.

पहिला सीझन आपटला तेव्हा अर्धी पोरं सोडून निघाली होती. त्याच महिन्यात मंडळाचा सत्यनारायण होता आणि पूजेला त्र्यंबकराव-शोभनाताई बसले होते. भटजी होता नंदू उपासनी. आठवडाभर तो कुठल्याशा बँकेचा डेटाबेस सांभाळतो, शनिवार-रविवार सोवळं नेसतो, आणि मावळ्यांकडून थर्ड बेसवर उभा राहतो. नंदूनं संकल्प सांगितला, पळीभर पाणी हातावर घेतलं गेलं, आणि सगळे निमूट बसलेले पाहून त्र्यंबकरावांना काय सुचलं देव जाणे. मोठ्यानं म्हणाले, "मावळे ज्या वर्षी हरण्याहून जास्त जिंकतील, त्या वर्षी मी ही टीम दुसऱ्याच्या हाती देईन. तोवर सोडणार नाही." आणि ताम्हनात पाणी सोडून मोकळे झाले.

शोभनाताईंचा हात रीतीप्रमाणे नवऱ्याच्या हाताला लागलेला होता. त्या मनात म्हणाल्या, दोन वर्षांत उरकेल.

चौदा वर्षं झाली.

मावळे का हरायचे, हे सांगायला फार शहाणपण लागत नाही. क्रिकेटमध्ये बॅट म्हणजे आपल्या हाताचीच लांबी. पळताना ती बरोबर न्यायची, रेषेपलीकडे टेकवायची, की वाचलात. बेसबॉलमध्ये तसं नाही. चेंडू मारला की बॅट तिथेच टाकायची, मोकळ्या हातानं पळायचं, आणि पुढे जमिनीवर 'बेस' म्हणून पांढरी उशी ठेवलेली असते, चेंडू तिथे पोचायच्या आत तिला आपला पाय लागला पाहिजे. तुम्ही बॅट लावाल तर ते लाकूड लागलं, तुम्ही नाही लागलात. आता लहानपणापासून गल्लीत जे हाडात मुरलं ते चाळिशीत कसं निघणार? शैलेंद्रसारखा धिप्पाड गडी, चेंडू असा मारायचा की पार झाडीपर्यंत. आणि मग बॅट घेऊन पळत सुटायचा, उशीच्या दोन हात अलीकडून वाकून बॅट टेकवायचा, आणि उभा राहून अंपायरकडे मोठ्या विश्वासानं बघायचा. आउट.

त्र्यंबकराव बाकावरून ओरडायचे, "बॅट टाक! अरे, बॅट टाक!" पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहूनसुद्धा लावलं. चौदा वर्षं तेच ओरडणं. पालथ्या घड्यावर पाणी.

मधल्या काळात गावाजवळ क्रिकेटची मैदानं झाली, पोरं तिकडे पळाली. उरले ते गुडघेवाले, पोटवाले, आणि बायकोनं घराबाहेर काढलेले. वसंतात सीझन सुरू व्हायचा, जुलैत हरून संपायचा. दर शनिवारी पंधरा जर्स्या लाल चिखलात बरबटून घरी यायच्या. तिकडची माती अशी चिवट लाल, की शोभनाताई म्हणायच्या, "तुमची टीम हरते नि ही माती जिंकते." पोह्यांचा मोठा ट्रे आणि बटाटेवडेही त्यांचेच. अंपायर हॉलिस म्हणून एक म्हातारा, पोस्टातून रिटायर झालेला, त्याचा त्या वड्यांवर भारी जीव. नंदू ओरडायचा, "काकू, त्याला मॅच संपल्यावर द्या हो! आधी दिला तर लाच होते." शोभनाताई म्हणायच्या, "लाच देऊनही हरलात तर माझ्या वड्यांना बोल लागेल. नंतरच देते."

लेक नेत्रा गाडीनं चार-पाच तासांवर अ‍ॅशबर्नला असते. नवरा-बायको दोघंही कामाला, घर मोठं, खालचा मजला आईबाबांसाठी तीन वर्षांपासून रंगवून ठेवलेला. शोभनाताईंनी अर्धं स्वयंपाकघर खोक्यांत भरलं होतं. खोक्यांवर लिहिलेलं, 'डाळी', 'पितळ', 'चाळण्या'. लेक फोनवर विचारायची, "बाबा, कधी?" हे म्हणायचे, "हा सीझन झाला की." ती म्हणायची, "बाबा, यू सेड दॅट लास्ट इयर." आणि त्र्यंबकराव फोन बायकोच्या हाती द्यायचे.

खरं सांगायचं तर ते थकले होते. हरण्याचा थकवा काही वेगळाच असतो, तो झोपून जात नाही. शनिवारी पहाटे उठून मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या, त्याही सरळ, आणि दुपारी त्याच पुसलेल्या रेघांवरून बॅटी गोळा करत यायचं. गुडघा बोलायला लागला होता. पण शब्द दिला होता, आणि तोही हातावर पाणी घेऊन. इतक्या वर्षांत तोंडानं बोललेलं कधी मोडलं नाही, मग पाण्यानं बोललेलं कसं मोडायचं?

यंदा मात्र नवल झालं. स्वानंदी नावाची जळगावची मुलगी इथे युनिव्हर्सिटीत शिकायला आली. शाळेत असताना जिल्ह्याच्या टीममधून सॉफ्टबॉल खेळलेली. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचीच धाकटी बहीण. पहिल्याच दिवशी तिनं चेंडू मारला, बॅट अशी भिरकावली की शैलेंद्रच्या नडगीला लागली, आणि सुटली ती दोन उशा पार. त्र्यंबकराव बघतच राहिले. पुठ्ठ्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, म्हणाले, "ही वाचता येणारी पहिली."

स्वानंदी बाकीच्यांना जीव नकोसा करायची. "काका, तुम्ही पळताय का वॉकला निघालात?" "शैलेंद्रदादा, यार, बॅट काय लग्नाची आहे का? सोड ना तिला!" काय झालं कोण जाणे, मावळे जिंकायला लागले. एक, मग तीन, मग सहा. बारा मॅच झाल्या तेव्हा सहा जिंकलेल्या, सहा हरलेल्या. आता तेरावी. ती जिंकली की हरण्याहून जिंकणं एकानं जास्त, आणि त्र्यंबकराव मोकळे.

शुक्रवारी शोभनाताईंनी मिक्सरसुद्धा खोक्यात घातला. "मिक्सर कशाला आत्ताच?" यांनी विचारलं. "उद्या चटणी नाही करायची," त्या म्हणाल्या, "उद्या औक्षण करायचंय." पर्समध्ये कुंकू आणि अक्षतांची पुडी ठेवली.

शनिवारी सकाळी दहालाच ऊन असं की बाकाला हात लावला तर चटका. समोरची टीम प्लंबर, मेकॅनिक असल्या मजबूत माणसांची. मावळे मागे पडले, बरोबरीला आले, पुन्हा मागे, पुन्हा बरोबर. सातवा डाव म्हणजे शेवटचा. स्कोअर सारखा. मावळ्यांची बॅटिंग, दोघं आउट झालेले, तिसरा झाला की डाव संपला, आणि स्वानंदी थर्ड बेसवर, म्हणजे तिसऱ्या उशीवर पोचून उभी. ती शेवटच्या, घरच्या उशीपर्यंत आली की एक रन, आणि मॅच जिंकली. एवढ्यात पुढचा बॅटर सिद्धेशचा फोन वाजला.

ऑफिसची फोनवरची ड्यूटी त्या शनिवारी सिद्धेशची. काहीतरी बंद पडलं होतं. तो फोन कानाला लावून पार्किंगकडे चालू लागला.

"सिद्धेश! अरे, कुठे?" त्र्यंबकराव.

"काका, सगळं डाउन आहे. व्हिसावर आहे मी, न जाऊन कसं चालेल? लॅपटॉप गाडीत आहे, फक्त अर्धा तास."

अर्धा तास कोण थांबतंय. बाकावर राखीव असं दुसरं कोणी उरलं नव्हतं. यादीत नाव असलेला एकच माणूस शिल्लक, आणि ती यादी त्यानंच लिहिलेली.

"काका, तुम्हीच," नंदू म्हणाला.

"माझा गुडघा..."

"गुडघा घेऊन जा. सोडून कुठे ठेवणार?"

त्र्यंबकराव बॅट घेऊन उभे राहिले. सहा वर्षांत मारली नव्हती. कुंपणापाशी शोभनाताईंनी पदर तोंडाला लावला. हसू आलं होतं की भीती, त्यांचं त्यांना माहीत. पहिला चेंडू दिसलाच नाही. दुसरा दिसला तोवर गेला. तिसऱ्याला त्यांनी नुसती बॅट आडवी धरली, नागपूरला कॉलेजात धरायचे तशी, आणि चेंडू टुक करून लागला आणि जमिनीवरून घरंगळत निघाला. तिकडे स्वानंदी सुटली. इकडे हे सुटले.

कसे पळाले, काही आठवत नाही. मागून सगळे काहीतरी ओरडत होते. पांढरी उशी समोर होती, चेंडू डावीकडून येत होता, गुडघा म्हणत होता बस, आणि त्र्यंबकराव वाकले आणि हात लांब केला. धूळ उडाली. चेंडू समोरच्याच्या हातमोज्यात ठप्प आवाजानं बसला. हॉलिस घरच्या उशीकडून पळत पळत अर्ध्या वाटेवर आला होता. त्यानं दोन्ही हात पसरले. सेफ!

मावळे वेडे झाले. शैलेंद्रनं नंदूला उचललं, नंदूनं आरोळी ठोकली, स्वानंदी तर जमिनीवर लोळली. चौदा वर्षांचं मळभ एका क्षणात फिटलं. कुंपणापाशी शोभनाताई पर्स उघडून पुडी शोधत होत्या.

त्र्यंबकराव उशीपाशी वाकलेलेच. अ‍ॅशबर्नचा खालचा मजला डोळ्यांपुढे आला. सकाळचा चहा, कुठे जायचं नाही, चुना नाही, रेघा नाहीत. अंग एकदम हलकं झालं. मग त्यांनी खाली बघितलं.

हातात बॅट होती.

लाल मातीत एक सरळ रेघ ओढली गेली होती, पेन्सिलीनं ओढावी तशी, थेट उशीच्या कडेपर्यंत. बॅटीची रेघ. आणि बुटाचा ठसा उशीपासून चांगला हातभर अलीकडे. चेंडू मोज्यात बसला तेव्हा उशीला लाकूड लागलं होतं, माणूस नव्हता लागला. म्हणजे ते आउट. म्हणजे डावातला तिसरा आउट, आणि मग स्वानंदीचा रनही धरत नाहीत. म्हणजे काही नाही.

कोणी पाहिलं नव्हतं. समोरच्याची नजर चेंडूवर, हॉलिस लांब, वर धूळ. बूट नुसता जरा फिरवला असता तरी रेघ पुसली गेली असती. बूट तिथेच होता. सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या चुकांवर सह्या केलेल्या माणसासमोर ती रेघ पडली होती, आणि मेली अगदी सरळ होती.

ते तसेच उभे राहिले. नंदू येऊन मिठी मारणार, तेवढ्यात म्हणाले, "हॉलिसला बोलव."

"आता कशाला? वडा द्यायला?"

"बोलव रे बाबा."

हॉलिस आला. त्र्यंबकरावांनी खाली बोट दाखवलं. "पाय नव्हता," म्हणाले, "बॅट होती."

हॉलिसनं रेघ बघितली, ठसा बघितला, टोपी मागे सारून डोकं खाजवलं. म्हणाला, "मी सेफ म्हटलंय, सर. कोणी तक्रार केलेली नाही. आहे तसं राहू दिलं तरी मला झोप लागेल."

"मला नाही लागणार," त्र्यंबकराव म्हणाले.

हॉलिसनं उसासा टाकला आणि मूठ वर केली. आउट.

शैलेंद्र बॅटीवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. "काका, अहो, कोणी विचारलं होतं का तुम्हाला? कोणी एकानं तरी?"

"पंधरा वर्षं," नंदू म्हणाला, "पंधरा वर्षं 'बॅट टाक, बॅट टाक'. आणि स्वतः!" त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले. स्वानंदी मांडीवरची माती झटकत, त्यांच्याकडे न बघता आपल्या जागी गेली. ते न बघणंच त्र्यंबकरावांना जास्त लागलं.

स्कोअर सारखाच राहिला म्हणून जादा आठवा डाव झाला. समोरच्यांनी दोन रन काढले, मावळ्यांना एकही जमला नाही. सिद्धेश लॅपटॉप काखेत घेऊन परत आला तेव्हा सगळं संपलं होतं. "काय झालं?" त्यानं विचारलं. "नेहमीचंच," शैलेंद्र म्हणाला.

सहा जिंकल्या, सात हरल्या. पंधरावं वर्ष.

त्र्यंबकराव बाकावर बसले आणि वहीत हार लिहिली. सवयीनं खाली तारीख घातली. मग शोभनाताई जवळ येऊन बसल्या.

"मिक्सर काढावा लागेल," ते म्हणाले.

"रेघ पुसता आली असती," त्या म्हणाल्या.

"आली असती."

"पुसली असतीत तर अ‍ॅशबर्नला रोज सकाळी तेच तोंड बघायला लागलं असतं मला. वर्षभर कागद करत बसला असतात." त्यांनी घाम पुसला. "नंदू, इकडे ये रे. संकल्प मोडता येतो का?"

नंदू कोपराला बर्फ लावून बसला होता. "मोडता नाही येत, काकू. दोष लागतो."

"कुणाला लागतो? हे पाणी सोडत होते तेव्हा माझा हात यांच्या हाताला होता, तूच सांगितलं होतंस लावायला. म्हणजे अर्धा माझा झाला ना? पंधरा वर्षं जर्स्या कोणी धुतल्या? मग दोष फिटून वर पुण्य उरलं असेल. शोध काहीतरी."

नंदूनं बर्फ खाली ठेवला. विचार करून म्हणाला, "मोडता येत नाही, पण विसर्जन करता येतं. गणपतीचं करतोच की आपण. त्यात आपण थोडंच म्हणतो, देव हरला?"

"हे नियमात बसतं का?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"काका, आत्ताच तुमच्या नियमापायी मॅच घालवली. हा नियम मी सांगतो, मी भटजी आहे. उजवा हात पुढे करा. काकू, अक्षता आहेत का?"

पुडी होतीच. जिंकल्यावर कपाळाला लावायच्या अक्षता शोभनाताईंनी नवऱ्याच्या तळहातावर ठेवल्या. तळहात लाल मातीनं माखलेला. पळी नव्हती, तर स्वानंदीनं आपली पाण्याची बाटली पुढे केली. शोभनाताईंनी दुसरा हात रीतीप्रमाणे नवऱ्याच्या हाताला लावला आणि पाणी ओतलं. बाकी सगळे टोप्या काढून भोवती उभे राहिले. हॉलिस वडा खाता खाता थांबला, हळूच विचारलं, हे काय चाललंय? स्वानंदीनं सांगितलं, "काका रिटायर होतायत." त्यानंही टोपी काढली, वडा मात्र खाली ठेवला नाही.

नंदूनं शेवटचे शब्द म्हटले, पुनरागमनाय च.

"म्हणजे परत यायचंच की," त्र्यंबकराव म्हणाले.

"पाहुणे म्हणून या. पोहे खायला. यादी लिहायला नाही."

"मग यादी कोण लिहिणार?"

मग स्वानंदीनं हात पुढे करून वही घेतली. "पहिलं नाव तुमचं काटते, काका. बॅट टाकत नाही तुम्ही."

त्यावर सगळे हसले, त्र्यंबकरावही हसले, पण उशिरा. बोटांमधून पाणी बाकाखाली ठिबकत होतं. हलकं वाटलं का म्हणाल तर तसं काही वाटलं नाही. गुडघा होता तसाच दुखत होता. ज्या दिवसाची इतकी वाट पाहिली तो असा येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

शोभनाताई सवयीनं जर्स्या पिशवीत भरू लागल्या. स्वानंदीनं ती पिशवीही ओढून घेतली.

"थंड पाण्यात भिजव हो," शोभनाताई म्हणाल्या. "गरम पाण्यात ही माती धरून बसते. आणि शैलेंद्रची वेगळी धू."

गाडी त्यांनीच चालवली. हे शेजारी बसले, मांडीवर ती बॅट; टाकायची राहूनच गेली होती. दोन सिग्नल गेले. तिसऱ्याला यांनी डोळे न उघडता विचारलं, "हरलोच ना गं आपण?"

"हरलो," त्या म्हणाल्या. "झोपा आता. घर आलं की उठवते."